मेमरी कार्डावरून स्विच उठवताना नेमकं काय चुकतं

कार्ड खाचेत आहे म्हणजे कॉन्फिगरेशन (स्विचची सगळी सेटिंग) कार्डावर आहे, हा समज आधी डोक्यातून काढा. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात पॅनेलमधले औद्योगिक स्विच, म्हणजे मशीनना नेटवर्कने एकमेकांशी जोडणारे डबे, बदलताना मी जेवढे घोळ पाहिले, त्यातले बहुतेक याच समजातून झालेले. स्विच जळतो. कोणीतरी जुन्याचं कार्ड काढून नव्यात घालतं. दिवे हिरवे होतात, पण लाइन काही सुरू होत नाही. कार्ड कोरं तरी निघतं, आठ महिने जुनं तरी, नाहीतर शेजारच्या पॅनेलचं.

खालचे टप्पे सिस्कोच्या आयई २००० आणि आयई ४००० या स्विचना धरून लिहिले आहेत. हे एसडी कार्ड घेतात आणि जुन्या धाटणीच्या आयओएसवर, म्हणजे सिस्कोच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, चालतात. आयई ३००० मध्ये एसडीच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड असतं. आयई ३२००, ३३०० आणि ३४०० वर आयओएस एक्सई चालतं. तिथे फाइलींची नावं आणि जागा वेगळ्या, त्यामुळे इथली नावं तिकडे जशीच्या तशी वापरू नका. सीमेन्स, हिर्शमन आणि मोक्साबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलंय.

आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या. ‘फ्लॅश:’ म्हणजे स्विचच्या पोटातली मेमरी आणि ‘एसडीफ्लॅश:’ म्हणजे कार्ड. दोन्हींच्या शेवटचं कोलन शोभेचं नाही. ते गाळलं तर आज्ञा भलताच अर्थ घेते.

१. आधी विचारा: हा स्विच कुठून उठलाय, म्हणजे बूट झालाय?

कार्डाला हात लावण्याआधी कन्सोल जोडा, म्हणजे थेट आज्ञा देण्यासाठी लॅपटॉप केबलने स्विचला लावा, आणि ‘शो व्हर्जन’ द्या. भलामोठा मजकूर येतो. त्यात ‘सिस्टिम इमेज फाइल इज’ ही ओळ शोधा (इमेज म्हणजे आयओएसची फाइल, जिच्यावरून स्विच उठतो). तिच्यापुढे ‘फ्लॅश:’ लिहिलं असेल तर स्विच पोटातून उठलाय, ‘एसडीफ्लॅश:’ असेल तर कार्डावरून. मग ‘शो बूट’ देऊन पुढच्या वेळी तो कुठून उठणार तेही बघा. या दोन उत्तरांत फरक असेल तर तो कागदावर लिहून ठेवा. तुमचा पुढचा बिघाड तिथेच दडलेला आहे.

एवढी चौकशी का, ते सांगतो. कॉन्फिगरेशन एका वेळी तीन जागी असू शकतं. एक, चालू असलेलं, जे रॅममध्ये असतं आणि लाइट गेली की जातं. दुसरं, फ्लॅशमध्ये सेव्ह केलेलं. तिसरं, कार्डावरचं. ‘राइट मेमरी’ दिली की चालू कॉन्फिगरेशन सेव्ह होतं, पण स्विच जिथून उठलाय तिथे. चालू स्विचमध्ये नंतर कार्ड सरकवलं तर स्विच पूर्वीसारखाच फ्लॅशवर चालत राहतो. तुम्ही वर्षभर ‘राइट मेमरी’ देत राहिलात तरी कार्डावर एक अक्षर जात नाही.

आता माझीच चूक. एका फौंड्रीच्या सँड प्लांटच्या पॅनेलमध्ये चालू स्विचला मीच कार्ड घातलं, त्यावर सगळं उतरवलं आणि ‘असू दे तिथंच, सांभाळायला नको’ म्हणून खाचेतच ठेवून आलो. पुढे आठ महिने त्या लाइनवर बदल होत गेले, दोन मशीन वाढली, व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) वाढलं. सगळं व्यवस्थित सेव्हही होत होतं, फक्त फ्लॅशमध्ये. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, लाइट गेली, आली आणि स्विच कार्डावरून उठला, म्हणजे आठ महिने मागे गेला. इलेक्ट्रिशियनचा फोन आला, ‘‘सायेब, दिवं हिरवं हाईत सगळं, पर नवी मशीन कुणाशीच बोलंनात.’’ आम्ही तीन तास केबल तपासत बसलो.

म्हणून प्रत्येक पॅनेलसाठी दोनातली एकच पद्धत ठरवा:

पहिली पद्धत: स्विच कायम कार्डावरून उठेल, कार्ड कायम खाचेत राहील आणि प्रत्येक सेव्ह कार्डावरच होईल.

दुसरी पद्धत: स्विच फ्लॅशवरून उठेल. कार्ड भरून झालं की बाहेर काढायचं, लेबल लावायचं आणि कपाटात ठेवायचं.

तिसरी अवस्था, म्हणजे स्विच फ्लॅशवर आणि कार्ड खाचेत, कधीही ठेवायची नाही. रात्रपाळीत इलेक्ट्रिशियन एकटाच असतो आणि स्विच त्यालाच बदलावा लागतो, अशा ठिकाणी मी पहिली पद्धत घेतो. आयटीचा माणूस जागेवर असेल तर दुसरी चालते.

२. तयारी

सामान थोडंच लागतं, पण पॅनेल उघडल्यावर ‘अरे, ते राहिलंच’ झालं की घाई होते आणि घाईत कार्ड उलट्या दिशेने कॉपी होतं. कन्सोल केबल हवी. वेग ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. आरजे-४५ आणि मिनी-यूएसबी अशी दोन्ही कन्सोल पोर्ट असतील आणि दोन्हींत केबल असेल तर यूएसबीचं चालतं, दुसरीकडे टाइप करत बसाल. फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर लागतो, कारण कार्डाच्या खाचेवरचं झाकण स्क्रूने बंद असतं. सोबत मनगटाचा अर्थिंग पट्टा, लेबल, मार्कर आणि फोटो काढायला फोन. लॅपटॉप चार्ज करून न्या. पॅनेलमधल्या सॉकेटला वीज असेलच असं नाही.

कार्डाबद्दल मी जरा हट्टी आहे. राजारामपुरीत मोबाइलच्या दुकानातून साधं एसडी कार्ड आणून ते अडॅप्टरने लावल्याचं मी पाहिलंय. टेबलावर ते चाललंही. पण इंडक्शन फर्नेसशेजारच्या पॅनेलमध्ये उन्हाळ्यात काय तापमान होतं ते तिथे उभं राहिलेल्यालाच माहीत. स्विच बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेलं, औद्योगिक तापमानासाठीचं कार्ड घ्या. महाग वाटतं, पण एक पाळी बंद राहिली तर कशाची किंमत जास्त हा हिशोब मॅनेजरला करायला सांगा.

वेळ कधीची घ्यायची? स्विच रीबूट होऊन पूर्ण उठायला काही मिनिटं लागतात आणि तालीम धरली तर दोन रीबूट. साप्ताहिक सुटीचा दिवस बरा. साखर कारखाना असेल तर हे सगळं बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी उरका. गव्हाणीत मोळी पडली की गळीत संपेपर्यंत तुम्हाला कोणी पॅनेलला हात लावू देणार नाही, आणि देऊही नये.

तपासा: चालू स्विचचा मॉडेल नंबर आणि राखीव स्विचचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत सारखे आहेत ना? पोर्टांची संख्या किंवा जात वेगळी असेल तर कॉन्फिगरेशनमधल्या त्या पोर्टांच्या ओळी नवीन स्विच नाकारतो. ते तो एवढ्या हळू आवाजात सांगतो की कन्सोलवर डोळे नसतील तर कळतही नाही.

३. कार्ड तपासून घ्या

एसडी कार्डाच्या कडेला एक बारीक सरकता खटका असतो. तो लॉककडे असेल तर स्विच कार्ड वाचतो, त्यावरून उठतोही, पण त्यावर लिहू शकत नाही. ‘कार्ड खराब आहे’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कार्डांपैकी निम्म्यांना फक्त नख लावून खटका सरकवावा लागला.

कार्ड घालताना जबरदस्ती नको. ते एकाच बाजूने बसतं. आत गेलं की टक् असा आवाज येतो. मग ‘डिर एसडीफ्लॅश:’ द्या. काय दिसतं ते वाचा. कार्ड जुनं असेल आणि त्यावर कोणाचं तरी कॉन्फिगरेशन असेल तर लगेच पुसू नका, आधी लॅपटॉपवर उतरवून घ्या. खात्री झाल्यावरच ‘फॉरमॅट एसडीफ्लॅश:’. फॉरमॅट स्विचमध्येच करा, लॅपटॉपवर करून आणलेलं कार्ड स्विचला पटेलच असं नाही.

सावधान: ‘फॉरमॅट’ लिहून झाल्यावर पुढे ‘फ्लॅश:’ की ‘एसडीफ्लॅश:’ हे बोट ठेवून वाचा. दोन अक्षरांचा फरक आहे. फ्लॅश फॉरमॅट झाली तर चालू स्विच चालूच राहील आणि तुम्हाला कळणारही नाही. कळेल ते पुढच्या वेळी लाइट गेल्यावर.

आणखी एक. फौंड्रीतली धूळ साधी नसते, तिच्यात लोखंड आणि ग्राफाइट असतं आणि ती वीज वाहून नेते. कार्डाचे पितळी दिसणारे पट्टे कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, लागलंच तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरा. तोंडाने फुंकर मारू नका आणि शॉपमधली एअर गन तर अजिबात नको. कॉम्प्रेसरच्या लाइनमध्ये पाणी आणि तेल असतंच.

४. चालू स्विचवरून कार्ड भरा

इथे क्रम चुकला की पुढचं सगळं व्यर्थ, म्हणून हा टप्पा सावकाश.

अ) आधी ‘राइट मेमरी’ द्या. कार्डावर जातं ते सेव्ह झालेलं कॉन्फिगरेशन, रॅममधलं चालू नव्हे. कोणी दुपारी पोर्ट बदलून सेव्ह न करता गेला असेल तर तो बदल कार्डावर येणारच नाही.

आ) ‘सिंक फ्लॅश: एसडीफ्लॅश:’ द्या. पहिलं नाव देणाऱ्याचं, दुसरं घेणाऱ्याचं. ही दिशा उलटी झाली तर कार्डावरचा जुना कचरा स्विचच्या पोटात जातो आणि चांगलं कॉन्फिगरेशन पुसलं जातं. वर सांगितलेल्या सँड प्लांटमध्ये शेवटी हेच होणार होतं. फ्लॅशमध्ये आठ महिन्यांचं बरोबर कॉन्फिगरेशन शाबूत होतं आणि मी घाईत उलटी आज्ञा टाइप करून एंटरवर बोट ठेवलं होतं. मागून इलेक्ट्रिशियन म्हणाले, ‘‘चहा घ्या आधी.’’ चहाने वाचवलं.

इ) झाल्यावर ‘डिर फ्लॅश:’ आणि ‘डिर एसडीफ्लॅश:’ दोन्ही देऊन यादी शेजारी शेजारी ठेवा. या गोष्टी दोन्हीकडे हव्यात:

- आयओएसची इमेज, बहुतेक वेळा तिच्याच नावाच्या फोल्डरमध्ये, शेवट ‘डॉट बिन’
- कॉन्फिग डॉट टेक्स्ट
- व्हीलॅन डॉट डॅट
- प्रायव्हेट-कॉन्फिग डॉट टेक्स्ट

व्हीलॅन डॉट डॅट बहुतेक जण विसरतात. सिंक न वापरता हाताने कॉपी करणारे फक्त कॉन्फिग डॉट टेक्स्ट उचलतात. स्विच व्हीटीपीच्या (व्हीलॅनची यादी स्विचांमध्ये वाटणारी सोय) सर्व्हर मोडमध्ये असेल तर १ ते १००५ मधल्या व्हीलॅनची यादी कॉन्फिगमध्ये नसते, ती या फाइलीत असते. मग नव्या स्विचवर पोर्ट म्हणतं ‘मी व्हीलॅन ३० चं’ आणि स्विच म्हणतो ‘३० नावाचं काही माझ्याकडे नाहीच’. केबल ठीक असते, कॉन्फिग वाचायला बरोबर वाटतं आणि पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) मात्र सापडत नाही. व्हीटीपी ट्रान्सपरंट मोडवर ठेवलं तर व्हीलॅनच्या ओळी कॉन्फिगमध्येही येतात. लहान कारखान्यात मी तेच करतो.

ई) ‘मोअर एसडीफ्लॅश:कॉन्फिग डॉट टेक्स्ट’ देऊन फाइल वाचा. होस्टनेम याच पॅनेलचं आहे का? व्यवस्थापनाचा आयपी पत्ता बरोबर आहे का? आज केलेला बदल दिसतोय का? फाइल आहे एवढ्यावर थांबू नका, आत काय आहे ते बघा.

उ) इमेज मोठी असते आणि अर्धवट कॉपी झालेली इमेज यादीत पूर्ण असल्यासारखी दिसते. ‘व्हेरिफाय’ आज्ञा एमडी५ (फाइलीचा ठसा काढणाऱ्या) पर्यायासह दोन्हीकडच्या इमेजवर चालवा आणि येणारी दोन उत्तरं जुळवा. शेवटची चार अक्षरं जुळली म्हणून सोडू नका.

५. बूटचा मार्ग

पहिली पद्धत घेतली असेल तर कॉन्फिगरेशन मोडमध्ये ‘बूट सिस्टिम’ आणि पुढे ‘एसडीफ्लॅश:’पासून फोल्डरसकट इमेजचं पूर्ण नाव द्या. नाव हाताने टाइप करू नका, ‘डिर’च्या उत्तरातून कॉपी करा. इमेजच्या नावात आकडे, टिंब आणि आडव्या रेघांचा एवढा भरणा असतो की एक टिंब कधी गळतं ते समजत नाही. फोल्डरचं नाव गाळणं ही त्याहून नेहमीची चूक.

दुसरी पद्धत असेल तर मार्ग ‘फ्लॅश:’चाच ठेवा आणि कार्ड आत्ताच बाहेर काढा.

तपासा: ‘शो बूट’ पुन्हा.

६. तालीम

भरलेलं कार्ड एकदाही चालवून न पाहता कपाटात ठेवणारे लोक आहेत. कोल्हापुरात तालीम न करता कुस्तीला उतरणाऱ्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

राखीव स्विच टेबलावर घ्या. नेटवर्कची एकही केबल लावू नका, कारण त्याच्याकडे चालू स्विचचाच आयपी पत्ता येणार आहे. कार्डाचा खटका लॉककडे करा, म्हणजे तालमीत कार्डावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. कार्ड घाला, कन्सोल जोडा, मगच वीज द्या. कन्सोलवर सुरुवातीपासून नजर ठेवा.

उठल्यावर ‘शो व्हर्जन’ पाहा. कार्डावरून उठला? होस्टनेम बरोबर? ‘शो व्हीलॅन ब्रीफ’मध्ये सगळी व्हीलॅन आहेत? मग तालीम झाली. वीज बंद करा, कार्ड काढा.

नवीन स्विच उठून ‘इनिशिअल कॉन्फिगरेशन डायलॉग’ सुरू करायचा का असं विचारत असेल तर त्याला कॉन्फिगरेशन मिळालेलं नाही. उत्तर ‘नो’.

सावधान: या प्रश्नाला ‘येस’ म्हणून, चार प्रश्नांची उत्तरं देऊन, शेवटी सेव्ह केलं तर स्विच जिथून उठलाय तिथे ते जवळपास कोरं कॉन्फिगरेशन लिहिलं जातं. कार्डाचा खटका उघडा असेल तर तुमचं चांगलं कार्डही गेलं. ‘राइट इरेज’चंही तसंच. राखीव स्विच ‘स्वच्छ करायचा’ म्हणून ही आज्ञा द्यायची असेल तर आधी कार्ड खिशात.

तालीम संपल्यावर खटक्याची जागा ठरवून ठेवा. पॅनेलमध्ये कायम राहणारं कार्ड उघडं, कपाटात राहणारं कार्ड बंद.

७. प्रत्यक्ष स्विच बदलताना

लाइन बंद आहे, सुपरवायझर मागे उभा आहे आणि दर दोन मिनिटांनी ‘किती वेळ?’ विचारतोय. पायऱ्या नेमक्या अशाच वेळी सुटतात. पुढची यादी छापून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा.

१) सगळ्या केबलींचा फोटो, मग प्रत्येक केबलीला पोर्टचा नंबर. फोटो एकच काढू नका. पॅनेलच्या दाराची सावली नेमकी पोर्ट ५ आणि ६ वर पडते.

२) वीज बंद करा, दोन्ही. या स्विचना डीसी-ए आणि डीसी-बी अशा दोन इनपुट असतात आणि चांगल्या पॅनेलमध्ये त्या दोन वेगळ्या एसएमपीएसवरून (पॉवर सप्लायवरून) येतात. एक एमसीबी पाडली आणि स्विच बंद झाला असं समजून लोक कार्ड ओढतात. स्विचवर एकही दिवा पेटता नाही ना, ते बघा.

३) जुन्या स्विचचं झाकण उघडून कार्ड काढा. कार्ड आत दाबलं की सुटून बाहेर येतं, चिमट्याने ओढू नका.

४) नवा स्विच डिन रेलवर (पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर) बसवा, अर्थिंग लावा, कार्ड घाला, झाकणाचा स्क्रू घट्ट करा. झाकण उघडं राहिलं तर व्हायब्रेशनने कार्ड सैल होतं.

५) कन्सोल जोडा. नेटवर्कच्या केबली अजून बाहेरच.

६) वीज द्या आणि हात मागे घ्या. दिवे विचित्र लुकलुकतात, मध्येच सगळं शांत होतं, वाटतं अडकला. तेवढ्यात वीज बंद करू नका.

७) ‘शो व्हर्जन’, ‘शो व्हीलॅन ब्रीफ’, ‘शो रनिंग-कॉन्फिग’. बरोबर असेल तर आणि तरच पुढे.

८) आधी एका मशीनची केबल, तिचं चालतंय का बघा. मग बाकीच्या मशीनच्या. अपलिंक (वरच्या स्विचकडे जाणारी केबल) त्यानंतर. नेटवर्क रिंगमध्ये, म्हणजे स्विच गोलाकार जोडलेले, असेल तर रिंगच्या दोन केबली सगळ्यांत शेवटी. कोरा किंवा चुकीचा स्विच रिंगमध्ये जोडलात तर आतापर्यंत फक्त एक पॅनेल बंद होतं, आता अख्खी लाइन बंद होईल.

कार्डावरून न उठता स्विच स्वतःच्या फ्लॅशवरून उठला, असंही होतं. नव्या स्विचच्या पोटात कारखान्यातून आलेली इमेज असतेच. बूटचा मार्ग टप्पा ५ प्रमाणे द्या आणि कार्ड आत असतानाच रीलोड (रीबूट) करा. रीलोड करताना ‘बदल सेव्ह करायचे का’ असं विचारलं तर ‘नो’. बूटचा मार्ग नोंदला गेलाय का ते रीलोडआधी ‘शो बूट’मध्ये पाहा.

नव्या खरेदीतल्या स्विचचं हार्डवेअर सुधारित आवृत्तीचं असेल तर त्यावर कार्डावरची फार जुनी इमेज चालेलच असं नाही. म्हणून राखीव स्विच आल्याच्या आठवड्यात तालीम करा, जळाल्याच्या रात्री नको.

८. कार्डाबरोबर जे येत नाही

दिवे हिरवे, व्हीलॅन बरोबर, तरी एखादी गोष्ट अडते. कार्ड कॉन्फिगरेशन आणतं, स्विचची ओळख आणत नाही. नव्या स्विचचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा पत्ता) आणि सीरियल नंबर त्याचे स्वतःचे असतात. त्यातून हे होतं:

वरच्या स्विचच्या पोर्टवर पोर्ट सिक्युरिटीचं स्टिकी मॅक (फक्त ओळखीच्या मॅकला आत घेणारं कुलूप) लावलं असेल तर त्याला नवा मॅक परका वाटतो आणि तो पोर्ट एरर-डिसेबल, म्हणजे बंद, करतो. दोष नव्या स्विचमध्ये शोधत बसाल, तो वरच्यात असतो.

व्यवस्थापनाचा आयपी डीएचसीपीमध्ये (आयपी आपोआप वाटणाऱ्या सेवेत) मॅकनुसार राखून ठेवला असेल तर नवा पत्ता मिळतो आणि स्काडाला (देखरेखीच्या सॉफ्टवेअरला) स्विच दिसत नाही. स्विचला स्थिर आयपी द्या, हा त्रासच नको.

स्पॅनिंग ट्रीमध्ये (नेटवर्कमधलं वेटोळं तोडणारी पद्धत) सगळ्या स्विचची प्रायॉरिटी सारखीच सोडली असेल तर रूट, म्हणजे मुख्य स्विच, मॅक पत्त्यावरून ठरतो. लहान आकड्याचा मॅक घेऊन आलेला कोपऱ्यातला स्विच अख्ख्या कारखान्याचा रूट होऊन बसतो. ‘शो स्पॅनिंग-ट्री’मध्ये रूट कोण आहे ते पाहा.

एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) चालत नसेल तर आरएसएची किल्ली नव्याने तयार करा आणि सेव्ह करा. जुन्या किल्लीमुळे लॅपटॉप आरडाओरडा करेल, त्याच्याकडची जुनी नोंद काढून टाका.

शेवटी एकदा ‘राइट मेमरी’ आणि लगेच ‘डिर एसडीफ्लॅश:’. कॉन्फिग डॉट टेक्स्टची वेळ आत्ताची दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तुम्ही तिसऱ्या अवस्थेत आहात, टप्पा १ वर परत जा.

९. उठलाच नाही तर

कन्सोलवर ‘स्विच:’ एवढंच येऊन थांबलं तर घाबरू नका, हा बूटलोडर आहे आणि तो तुमचं ऐकतोय. ‘डिर एसडीफ्लॅश:’ द्या. कार्ड दिसतच नसेल तर वीज बंद करून कार्ड पुन्हा नीट बसवा. कार्ड दिसतंय आणि इमेजही आहे, तर मार्ग चुकलाय. ‘बूट’ आणि पुढे ‘एसडीफ्लॅश:’पासून फोल्डरसकट पूर्ण नाव हाताने द्या. उठल्यावर टप्पा ५. इमेजच नसेल तर ‘डिर फ्लॅश:’ बघून पोटातल्या इमेजवरून उठवा आणि कार्ड नंतर दुरुस्त करा.

१०. कार्ड सांभाळणं

कार्डावर पासवर्ड असतात. ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ने झाकलेले टाइप ७ पासवर्ड उलगडणं अगदी सोपं आहे, त्यामुळे कार्ड हरवलं म्हणजे पासवर्ड हरवले असंच धरा आणि ते बदला. एनेबल पासवर्डऐवजी एनेबल सीक्रेट वापरा. जळालेला स्विच दुरुस्तीला पाठवताना खाचेत कार्ड नाही ना हे पाहा. दोनदा पाहा.

कपाटातलं कार्ड झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये उघडं ठेवलेलं काहीच कोरडं राहत नाही.

दुसऱ्या बनावटीचे स्विच

सीमेन्सच्या स्कॅलन्स स्विचमध्ये कार्डाच्या जागी सी-प्लग येतो. तो वीज बंद असतानाच घालायचा आणि काढायचा. कोरा सी-प्लग घालून स्विच सुरू केला की कॉन्फिगरेशन आपोआप त्यावर उतरतं, नंतरचे बदलही त्यावर जातात. भरलेला असेल तर स्विच त्याचंच ऐकतो. म्हणजे दिशा तुम्ही ठरवत नाही, प्लग कोरा आहे की भरलेला यावर ती ठरते. न जुळणाऱ्या मॉडेलचा प्लग घातला तर फॉल्टचा दिवा लागतो. एकदा सी-प्लगवर चालवलेला स्विच पुढे प्लग काढून तसाच चालवता येत नाही, त्याला आधी फॅक्टरी सेटिंगवर न्यावं लागतं. ‘जरा बघू’ म्हणून शेजारच्या स्विचचा प्लग काढणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

हिर्शमनकडे एसीए नावाचे अडॅप्टर आहेत, काही यूएसबीचे तर काही एसडी कार्डाचे. मोक्साकडे एबीसी-०२ हा यूएसबीचा आहे. दोन्हींत सुरू होताना अडॅप्टरवरून कॉन्फिगरेशन आपोआप उचलायची सोय असते. ती चालू आहे की बंद, हे स्विचच्या वेब पानावर जाऊन आधी बघा.

लेबलवर मी चार ओळी लिहितो: पॅनेलचं नाव, स्विचचा पूर्ण मॉडेल नंबर, कार्ड भरल्याची तारीख आणि मोठ्या अक्षरात ‘कार्डावरून’ किंवा ‘फ्लॅशवरून’. तेच लेबल स्विचच्या दर्शनी भागावरही. तारीख खोडून नवी लिहायची झाली तर पेनाने लिहा, मार्करचा रंग फौंड्रीत सहा महिन्यांत उडतो.